विश्लेषण : विज्ञानाच्या तासाला 'कशावरून?' असं विचारता येतं का?

प्रश्न विचारत, करून बघत विज्ञान शिकवण्याचे प्रयोग पाबळपासून होशंगाबादपर्यंत झाले आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांतही त्यासाठी चौकटी आहेत. मग गाडी अडते कुठे? आणि मुठा खोऱ्यातल्या एखाद्या छोट्या शाळेत हे कसं करता येईल?

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत चार नावं रोज छापून येतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. किती टीएमसी साठा, किती टक्के भरलं, किती क्युसेक विसर्ग. आपण मोबाइलवर ती बातमी वाचतो, पाणीकपात टळली की नाही एवढं बघतो आणि पुढे जातो.

यातलं टेमघर धरण मुळशी तालुक्यात, मुठा नदीवर आहे. पिरंगुटहून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुठा गाव लागतं, तिथून पुढे टेमघर. या खोऱ्यातल्या मुलांनी धरणाची भिंत जवळून पाहिलेली असते. ती वर अरुंद आणि तळाशी रुंद असते, हे त्यांना सांगावं लागत नाही. आठवीच्या सामान्य विज्ञानात 'बल व दाब' हा धडा आहे. द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो, हे त्यात शिकायचं असतं.

आता हा धडा दोन प्रकारे शिकवता येतो. पहिला प्रकार : 'द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो. लिहून घ्या. परीक्षेला येतं.' दुसरा प्रकार : 'टेमघरची भिंत खाली इतकी जाड का बांधली असेल? तुमचा अंदाज सांगा. आणि तो बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं?'

दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत 'इन्क्वायरी बेस्ड लर्निंग' म्हणतात. मराठीत शोधाधारित शिक्षण म्हणू. माझ्या मते, या सगळ्या कल्पनेचा गाभा आपल्या भाषेतल्या एकाच शब्दात आहे : 'कशावरून?' आणि आपल्या विज्ञानाच्या तासाला नेमका याच शब्दासाठी वेळ उरत नाही.

शोधाधारित शिक्षण म्हणजे नेमकं काय?

अनेकांना वाटतं, वर्गात प्रयोग करून दाखवला की झालं. तसं नाही. शिक्षकांनी टेबलावर प्रयोग केला, मुलांनी लांबून पाहिला आणि वहीत 'निरीक्षण' व 'अनुमान' फळ्यावरून उतरवून घेतलं, तर तो प्रयोग आहे, पण शोध नाही. कारण काय दिसायला हवं, हे आधीच ठरलेलं होतं.

शोधात चार गोष्टी लागतात. मुलांसमोर खरा प्रश्न असावा लागतो. उत्तर कळण्याआधी त्यांनी स्वतःचा अंदाज मांडावा लागतो. तो तपासण्यासाठी काहीतरी मोजावं, मांडावं, करून बघावं लागतं. आणि शेवटी 'मला असं वाटतं, कारण मला हे दिसलं' अशा भाषेत बोलावं लागतं.

अमेरिकेतल्या बँची आणि बेल या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये याच्या चार पायऱ्या मांडल्या. शिक्षकांना त्या उपयोगी पडतील अशा आहेत. पहिल्या पायरीवर प्रश्न, पद्धत आणि उत्तर तिन्ही आधीच माहीत असतात. मुलं फक्त पडताळा घेतात. दुसऱ्या पायरीवर प्रश्न आणि पद्धत शिक्षक देतात, पण निष्कर्ष मुलांनी काढायचा. तिसऱ्या पायरीवर शिक्षक फक्त प्रश्न देतात. पद्धत मुलांनी ठरवायची. चौथ्या पायरीवर प्रश्नसुद्धा मुलांचाच.

या पायऱ्या क्रमाने चढायच्या असतात. चौथीतल्या मुलांना पहिल्याच दिवशी 'विचारा हवं ते, शोधा हवं ते' असं सांगून काही हाती लागत नाही. पण आपल्याकडे बहुतेक मुलं पहिल्या पायरीवरच दहावी ओलांडतात, ही खरी अडचण आहे.

एक बाटली, तीन भोकं

उदाहरण घेऊ. हे घरीही करता येईल. प्लास्टिकची सरळ उभ्या भिंतीची बाटली घ्या. तिला एकाखाली एक अशी सारख्याच आकाराची तीन भोकं पाडा. एक वरच्या भागात, एक मधोमध, एक तळाजवळ. त्यांवर चिकटपट्टी लावा, बाटली काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवून सपाट ओट्यावर ठेवा आणि पट्टी काढा. वरून पाणी ओतत राहा. कोणती धार ओट्यावर सगळ्यात लांब पडेल?

बहुतेक जण सांगतील, तळाची. कारण खाली दाब जास्त. अनेक पुस्तकांत, गाइडांत आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंतही असंच चित्र असतं : वरची धार जवळ, मधली थोडी लांब, तळाची सगळ्यात लांब.

करून बघितलं की मधली धार सगळ्यात लांब पडते.

का? तळाच्या भोकातून पाणी सर्वांत वेगाने बाहेर येतं, हे खरंच आहे. दाबाचा नियम कुठेही चुकलेला नाही. पण ते भोक ओट्याला इतकं जवळ असतं की पाण्याला लांब जायला वेळच मिळत नाही. लगेच खाली टेकतं. वरच्या धारेला पडायला वेळ भरपूर, पण वेग कमी. मधल्या धारेला वेग आणि वेळ दोन्ही पुरेसे मिळतात. आता तीच बाटली तिच्या उंचीपेक्षा उंच स्टुलाच्या कडेवर ठेवा आणि धार जमिनीवर कुठे पडते ते मोजा. या वेळी तळाची धार जिंकते.

या एका बाटलीत दोन तासांचं विज्ञान आहे. 'किती वेगाने' आणि 'किती लांब' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मुलांना कळतं. चित्रात दिसलं म्हणून ते खरं असेलच असं नाही, हेही कळतं. आणि 'पुस्तक चुकलं की बाटली?' या प्रश्नावर वर्गात जी वादावादी होते, ती व्याख्या पाठ करून कधीच होत नाही.

मुठा खोऱ्यातल्या वर्गात हा प्रयोग थेट धरणापर्यंत जातो. ऑगस्ट २०१६ मध्ये टेमघरच्या भिंतीतून होणारी मोठी गळती राज्यभर बातम्यांत होती. पुढे धरणाचं पाणी सोडून भिंतीच्या दुरुस्तीची कामं करावी लागली. भिंतीत तळाजवळ फट पडली तर ती वरच्या फटीपेक्षा जास्त काळजीची का? दुरुस्तीसाठी पाणी कमी का करावं लागतं? ज्या गावांच्या डोक्यावर धरण आहे, तिथल्या मुलांसाठी हे प्रश्न परीक्षेपुरते नाहीत.

महाराष्ट्रासाठी हे नवं आहे का?

अजिबात नाही. उलट या वाटेवर पुण्याची आणि महाराष्ट्राची पावलं जुनी आहेत.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्थांनी तो सरकारी शाळांत उभा केला. दिल्ली विद्यापीठासह अनेक ठिकाणचे वैज्ञानिक त्यात उतरले. सहावी ते आठवीच्या मुलांनी गटात बसून, साधं साहित्य वापरून, स्वतः प्रयोग करत विज्ञान शिकायचं, अशी त्याची रचना होती. उत्तरं छापलेली नसत. ती मुलांनी काढायची. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर गेला आणि पुढे एकलव्य संस्थेने तो वाढवला.

याच १९७८ मध्ये पुण्यात टेल्को कंपनीत काम करणारे एक तरुण इंजिनीअर वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादला गेले. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या या इंजिनीअरचं नाव अरविंद गुप्ता. तिथल्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार बनवले. त्रिकोण दाबला तर मोडत नाही, चौकोन मात्र तिरका होतो, हे मुलांना हाताने कळू लागलं. पूल आणि छपरांच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात, याचं उत्तर काही पैशांच्या साहित्यात मिळालं. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी बनवून ती सर्वांसाठी खुली केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते गावात आले. वेल्डिंग, वायरिंग, शेती, मातीपरीक्षण अशी खरी कामं करत करत विज्ञान शिकायचं, ही त्यांची दिशा. त्यातून उभा राहिलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांमध्ये आठवी ते दहावीसाठी पोहोचला.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेअंतर्गत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यासारख्या गावांतल्या शाळांमध्ये या केंद्राने सुरुवातीच्या काळातच काम केलं. अलीकडे पुण्याची आयसर ही संस्था राज्यातल्या विज्ञान शिक्षकांना शोधाधारित पद्धतीचं प्रशिक्षण देते.

धोरणाच्या पातळीवरही वाद उरलेला नाही. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 'मुलं ज्ञान स्वतः घडवतात' या पायावर उभा होता. महाराष्ट्रात जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि 'ज्ञानरचनावाद' हा शब्द प्रत्येक शाळेच्या भिंतीवर, काही ठिकाणी फरशीवरही, रंगवला गेला. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर सांगतं की अभ्यासक्रमाचा भार कमी करून शोधावर आणि चर्चेवर आधारित शिक्षणाला जागा द्या.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण पुस्तकातच आहे. बालभारतीची सहावी ते आठवीची सामान्य विज्ञानाची पुस्तकं उघडा. 'करून पहा', 'जरा डोके चालवा', 'थोडे आठवा' अशा चौकटी जागोजागी आहेत. कल्पना छानच आहे. पण 'करून पहा'च्या चौकटीखाली अनेकदा पुढच्याच ओळीत 'यावरून असे दिसते की...' असं उत्तर छापलेलं असतं. रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर खुन्याचं नाव छापल्यासारखं हे आहे. उत्तर खालच्या ओळीत असेल, तर मुलं प्रयोग कशाला करतील? आणि घाईत असलेले शिक्षक तो का घेतील?

दुसरी अडचण वेळेची. ३५-४० मिनिटांच्या तासात साहित्य काढायचं, गट करायचे, प्रयोग करायचा, चर्चा करायची आणि सगळं आवरायचं. त्यात शिक्षकांवर सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. 'आम्हाला शिकवू द्या' ही शिक्षकांनीच रस्त्यावर उतरून केलेली मागणी आहे. ती ऐकल्याशिवाय नव्या पद्धतीचं आणखी एक परिपत्रक काढण्यात अर्थ नाही.

तिसरी अडचण परीक्षेची. दहावीला विज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण प्रात्यक्षिक-अंतर्गत कामाला. प्रात्यक्षिकाचं काय होतं, हे इंजिनीअरिंगची डिग्री घेतलेल्या कुणालाही विचारा. मी त्याच वाटेने आलो आहे. प्रयोगाआधीच जर्नलमध्ये निष्कर्ष लिहून तयार असतो आणि तो निघेल अशी रीडिंग 'बसवली' जातात, हे चित्र कुठल्याच बॅचला नवं नसतं. या सवयीचं मूळ शाळेत आहे. प्रयोगाचं उत्तर 'चुकलं' तर गुण जातात, हे मूल सहावीतच शिकतं. जे दिसलं ते लिहिण्यापेक्षा जे दिसायला हवं ते लिहिणं फायद्याचं ठरतं. विज्ञान शिकवताना आपण नेमकी विज्ञानाच्या उलट सवय लावतो आहोत.

चौथी अडचण कपाटाची. अनेक शाळांत विज्ञान पेटी असते, पण कुलपात. फुटलं, हरवलं तर जबाबदारी कोणाची? तपासणीला आलेल्या साहेबांना काचेची नळी पूर्ण दिसली पाहिजे. त्यामुळे नळी सुरक्षित राहते.

होशंगाबादच्या कार्यक्रमाने या चारही अडचणींवर उत्तर काढलं होतं, म्हणून तो इतका महत्त्वाचा. तिथे पुस्तकाऐवजी कार्यपुस्तिका होती. वार्षिक परीक्षेत पुस्तक-वही सोबत ठेवता येत असे आणि प्रात्यक्षिक परीक्षाही असे. शिक्षक दर महिन्याला एकत्र जमून अडलेल्या गोष्टी बोलत. मुलांच्या पत्रांना उत्तरं देणारा 'सवालीराम' नावाचा काल्पनिक मित्र होता. साहित्य वापरून संपणार, तुटणार हे गृहीत धरलेलं होतं. आणि तरीही २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. ३० वर्षं चाललेलं कामही एका आदेशाने थांबतं, हा त्यातला धडा. एखादी पद्धत प्रयोग म्हणून चालवणं वेगळं, आणि ती व्यवस्थेची सवय होणं वेगळं.

पण याने खरंच शिकणं सुधारतं का?

'कशावरून?' हा प्रश्न या पद्धतीलाही विचारायला हवा.

२००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी एक गाजलेला लेख लिहिला. नवशिक्या मुलांना कमीत कमी मार्गदर्शन देऊन 'स्वतः शोधा' म्हणणं फसतं, असं त्यांचं म्हणणं. डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. नवी कल्पना, नवं साहित्य, नवी पद्धत सगळं एकदम आलं की मूल गोंधळतं. २०१५ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीतही बहुतेक देशांत असं दिसलं की वर्गात शोधाधारित कृती खूप वारंवार होतात असं सांगणाऱ्या विद्यार्थ्यांचे विज्ञानाचे गुण तुलनेने कमी होते.

यावरून ही पद्धत वाईट ठरते का? नाही. मुलांच्या सांगण्यावरून काढलेल्या अशा संबंधातून कारण सिद्ध होत नाही. मागे पडलेल्या वर्गांत शिक्षक कृती जास्त घेत असतील, हीही शक्यता असते. पण इशारा खरा आहे. मार्गदर्शन नसलेला शोध म्हणजे गोंगाट. शिक्षकांनी प्रश्न नीट निवडलेला हवा, साहित्य तयार हवं, मधे योग्य जागी थांबवून 'हे काय दिसलं?' विचारायला हवं आणि शेवटी संकल्पना स्पष्ट शब्दांत सांगायलाही हवी. फळा आणि खडू संपत नाहीत. त्यांची वेळ बदलते. आधी अनुभव, मग व्याख्या.

फ्रान्समध्ये १९९६ मध्ये नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांनी प्राथमिक शाळांसाठी असाच कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'कणकेत हात घाला'. पोळ्या करायला शिकायचं तर हाताला कणीक लागलीच पाहिजे. पण पाणी किती घालायचं हे शेजारी बसलेली आई सांगत असते. शोधाधारित वर्गातल्या शिक्षकाचं काम त्या आईचं आहे.

मुठा खोऱ्यातला वर्ग कसा असू शकतो?

समजा, खोऱ्यातली एक द्विशिक्षकी शाळा आहे. प्रयोगशाळा नाही. एका खोलीत दोन-तीन इयत्ता. तिथे काय शक्य आहे?

पहिला प्रश्न पावसाचा. पुणे शहरात वर्षाला साधारण ७० ते ७५ सेंटीमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्याकडे, टेमघर-ताम्हिणीच्या बाजूला तो कितीतरी पट जास्त. मुलांना विचारा : मोठ्या तोंडाच्या डब्यात पाऊस जास्त 'मिलिमीटर' भरेल की छोट्या तोंडाच्या? बहुतेक मुलं मोठा डबा म्हणतील. सरळ भिंतींचे दोन वेगवेगळे डबे अंगणात ठेवा, पट्टीने खोली मोजा. दोन्हीत ती सारखीच येते. मोठ्या डब्यात पाणी जास्त येतं, पण ते पसरतंही जास्त जागेत. मग रोज सकाळी नोंद ठेवा आणि वर्तमानपत्रात टेमघरचा जो आकडा येतो त्याच्याशी ताडून पाहा. फरक का पडतो, हा पुढचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. म्हणजे चौथी पायरी आली. मोठ्या इयत्तेतली मुलं मोजतील, लहान मुलं रोजचे स्तंभ रंगवतील. तिथे एकत्र वर्ग अडचण न राहता सोय होतो.

दुसरा प्रश्न भाताचा. मुळशी-मावळ पट्ट्यात रोपं टाकण्याआधी राब भाजण्याची पद्धत आहे. पालापाचोळा, शेण, गवत पसरून वाफा भाजायचा. का? आजोबा म्हणतील, 'रोप जोमदार येतं.' कशावरून? एखाद्या शेतकऱ्याच्या भाजलेल्या वाफ्याची थोडी जागा आणि शेजारची न भाजलेली तेवढीच जागा मुलांनी मागून घ्यावी. दोन्हीकडे एकाच पोत्यातलं बी, मोजून तेवढेच दाणे. जाळण्याचं काम मुलांचं नाही, ते मोठ्यांचं. मुलांचं काम मोजण्याचं. किती उगवले, उंची किती, तण किती. काहीही निष्कर्ष आला तरी तो मुलांचा असेल. भाताचा तूस जाळून त्याची राख रोपवाटिकेत वापरणं ही चारसूत्री भात लागवडीतली शिफारस आहे, हे त्यानंतर सांगा. आपल्या आजोबांचा अनुभव आणि कृषी संशोधन एकाच प्रश्नावर काम करतात, हे त्या मुलांना दिसेल. आजोबांचं म्हणणं तपासणं म्हणजे त्यांचा अपमान नाही, हेही.

या दोन्हींसाठी खर्च किती? डबे, पट्टी, वही. अनुदानाची वाट पाहावी असं यात काही नाही.

आता काय करता येईल?

माझ्या मते, चार गोष्टी लगेच शक्य आहेत आणि त्यांपैकी एकीलाही नवी योजना लागत नाही.

एक, पुस्तकात 'करून पहा'चं उत्तर त्याच पानावरून काढा. ते शिक्षक हस्तपुस्तिकेत द्या किंवा क्यूआर कोडमागे ठेवा. छपाईतला एवढा बदल वर्गातलं वातावरण बदलू शकतो. तोपर्यंत शिक्षक पुस्तक बंद ठेवून प्रश्न विचारू शकतात.

दोन, केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतातच. त्यांतला एक तास सूचना वाचण्याऐवजी शिक्षकांनी स्वतः प्रयोग करण्यासाठी राखून ठेवा. ज्या शिक्षकांनी बाटलीची मधली धार स्वतः पाहिली, ते वर्गात 'मलाही माहीत नाही, बघूया' म्हणायला घाबरणार नाहीत. हे वाक्य शिक्षकाच्या अज्ञानाची कबुली मानलं जातं. खरं तर विज्ञानाच्या तासाची ती सर्वांत चांगली सुरुवात आहे.

तीन, मूल्यमापन. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये प्रयोग, कृती, प्रकल्प आहेत आणि पुस्तकासह चाचणीही आहे. होशंगाबादने जे केलं त्याला आपल्या नियमांत आधीच जागा आहे. ती वापरली जात नाही, एवढंच. मोठ्या वर्गांच्या लेखी परीक्षेत निदान एक प्रश्न न पाहिलेल्या नोंदींवर द्या : 'दोन वाफ्यांच्या या नोंदी आहेत. यावरून कोणता निष्कर्ष काढता येत नाही?' हे पाठ करता येणार नाही. क्लासवाले सरावासाठी शेकडो तक्ते काढतील, हे खरं. पण त्या निमित्ताने मुलं निदान तक्ते वाचतील.

चार, साहित्य मोडण्याची परवानगी द्या. लेखी द्या. वर्षाअखेर विज्ञान पेटी जशीच्या तशी असेल, तर त्या शाळेला 'का वापरली नाही?' असं विचारा.

पालक म्हणून तुमच्याही हातात काही आहे. मूल शाळेतून आलं की 'आज काय शिकवलं?' एवढंच न विचारता 'आज तू काय विचारलंस?' हेही विचारा.

यात पणाला काय लागलं आहे?

मुठा खोऱ्यातली सगळी मुलं शास्त्रज्ञ होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. कुणी पिरंगुटच्या कारखान्यात जाईल, कुणी भातशेती करेल, कुणी पाटबंधारे खात्यात अभियंता होऊन कदाचित टेमघरच्याच भिंतीसमोर उभी राहील. कारखान्यात मशीन वेगळा आवाज करू लागलं, शेतात नवं औषध विकायला कुणी आलं, धरणाच्या गळतीचे आकडे अहवालात बसवलेले दिसले, किंवा व्हॉट्सअॅपवर कर्करोगाचा घरगुती इलाज फिरू लागला, तर प्रत्येक ठिकाणी एकच कौशल्य लागतं. जे दिसतं ते मोजणं, आणि जे दिसलं तेच लिहिणं.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून आपल्या राज्यघटनेत नागरिकांचं मूलभूत कर्तव्य आहे. ते कर्तव्य व्याख्या पाठ करून पार पडत नाही. त्यासाठी शाळेत कधीतरी असा एक तास मिळावा लागतो, जिथे उत्तर आधीच ठरलेलं नसतं आणि 'कशावरून?' असं विचारणाऱ्या मुलीला खाली बस म्हणत नाहीत.